सायकलच्या ट्यूबमधले सीलंट

बेलापूरच्या प्रवराकाठी बाभळीचा काटा नि सराटा ठाऊक नाही असा सायकलस्वार विरळा. मळ्यातून निघालेल्या मुलाची सायकल वाटेत पंक्चर झाली, की शाळेचा पहिला तास बुडालाच! यावर ट्यूबमध्ये घालायचे पातळ सीलंट मिळते. व्हॉल्व्ह काढून ते आत सोडावे, हवा भरावी. काटा रुतला तर उपटून चाक फिरवावे. सुटणाऱ्या हवेबरोबर सीलंट भोकाशी जाते. त्यातले तंतू किंवा रबराचा चीक भोक बुजवतो.

मात्र हे बारीक भोकापुरतेच. रेसिंग सायकलच्या अरुंद ट्यूबमध्ये दर चौरस इंचाला ८०-१०० पौंड दाब. तिथे ते पिचकारीसारखे उडते, दाब उतरल्यावरच बसते. चिरलेल्या ट्यूबला ठिगळच हवे. चिकाचे सीलंट काही महिन्यांत वाळतेही. म्हणून ठिगळ, सोल्यूशन नि पंप जवळ असू द्यावेत.