तोफेची ओळख चाकावरून

आज हप्ता नाही, कर्ज नाही, पापड-लोणचंही नाही. आज बोलायचंय तोफेबद्दल. हसू नका, आधी ऐका तर खरं.

आमच्या तालुक्याच्या गावी एका बागेची निगा आमचे बचतगट राखतात. बागेत एक जुनी तोफ आहे. पाटीवर लिहिलंय, ‘पेशवेकालीन तोफ’. मागच्या पावसाळ्यात तिच्या एका चाकाचे दोन आरे कुजले. कुणीतरी सुचवलं, ‘शोभेचीच तर आहे, ट्रॉलीची जुनी चाकं बसवून टाका.’ आमच्या गटातल्या एक मावशी सुताराच्या घरच्या. त्या चाकापाशी बसल्या नि म्हणाल्या, “आरे लाकडाचे, पुठे लाकडाचे, वर लोखंडी धाव. इथवर आपल्या बैलगाडीसारखंच. पण तुंबा लोखंडाचा कसा गं?”

त्या एका प्रश्नामुळे मी वाचायला बसले. कळलं ते सांगते.

पहिली खूण तुंब्याची. लाकडी तुंबा आपल्याकडच्या उन्हात सुकतो, तडकतो. इंग्रजांच्या काळात मद्रासकडे धातूच्या तुंब्याचं चाक वापरात आलं. दोन चकत्यांमध्ये आऱ्यांची टोकं धरायची आणि बोल्टांनी आवळायची. आरा मोडला तर तेवढाच बदलता येतो, सगळं चाक मोडीत काढावं लागत नाही. पुढे खुद्द इंग्लंडच्या तोफखान्याने ही पद्धत उचलली. नावही राहिलं ‘मद्रास नमुना’.

दुसरी खूण धावेची. धाव सांगते की तोफ कोण ओढायचं. इंग्रजांची ‘१८ पौंडी’ तोफ १९०४ साली आली. तिचा गोळा सुमारे १८ पौंडांचा, म्हणजे आठ किलोच्या आसपास, म्हणून हे नाव. तिला सहा घोडे जुंपत. घोड्याच्या चालीला लाकडी चाक पुरेसं होतं. पुढे तोफा मोटारीने ओढायला लागले, तेव्हा त्या वेगात लाकडी चाकं नि गाडा खिळखिळे व्हायचे. म्हणून १९३० नंतरच्या दशकात त्याच जुन्या तोफांना हवेचे रबरी टायर लावले. तेव्हा टायर दिसला म्हणून तोफ नवी समजू नका.

तिसरी खूण शेपटीची. गाड्याचा मागे जमिनीला टेकणारा लांब भाग म्हणजे शेपूट. १८ पौंडीच्या सुरुवातीच्या गाड्यांना एकच नळीसारखी शेपूट होती. नळीचं तोंड फार वर उचललं की तिचा मागचा भाग या शेपटीला अडायचा. त्यामुळे गोळा सुमारे ६ किलोमीटरच जायचा. नंतर शेपूट पेटीसारखी, मधे मोकळी जागा ठेवून केली. नळीचा मागचा भाग त्या जागेत उतरू लागला आणि सुधारलेल्या तोफेचा पल्ला साडेआठ किलोमीटरपर्यंत गेला. त्याहून पुढच्या नमुन्यात शेपटीचे दोन फाटे झाले, पाय फाकवून उभं राहावं तसे.

आणखी दोन तोफा सहज ओळखता येतात. चाकं लहान आणि सगळे भाग सुटे होणारे असतील, तर ती डोंगरी तोफ असू शकते. ३.७ इंची डोंगरी तोफ आठ खेचरांच्या पाठीवर वाटून न्यायचे. आणि रबरी चाकांच्या तोफेखाली लोखंडाचं मोठं गोल कडं असेल, तर ती बहुधा २५ पौंडी. चाकं त्या कड्यावर चढवली की एक-दोन माणसं तोफ चहूकडे फिरवू शकत. ही तोफ स्वातंत्र्यानंतरही आपल्या सैन्यात होती.

पण एका खुणेवर निकाल देऊ नका. नळी एका तोफेची आणि गाडा दुसरीचा, असंही व्हायचं. म्हणून नळीवरचा नमुना-क्रमांक नि साल वेगळं लिहा, गाड्यावरचं वेगळं. चाक बदललेलं असेल तर तेही लिहा.

आमच्या तोफेची शेपूट एकनळी, चाकं लाकडी, तुंबा धातूचा, आणि धक्का झेलणारं नळकांडं नळीच्या वरच्या बाजूला. चारही खुणा सुरुवातीच्या १८ पौंडीच्या. पेशवाई संपली १८१८ साली, म्हणजे ही तोफ तिच्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी आली.

ट्रॉलीची चाकं बसली असती तर यातल्या दोन खुणा कायमच्या गेल्या असत्या. आम्ही बोल्ट सैल करून कुजलेले दोनच आरे बदलले. मावशींनी समोर बसून करवून घेतलं. काम सुरू करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि कोणते आरे नवे, ते वहीत नोंदवलं.

पाटी मात्र अजून तीच आहे. बदलण्यासाठी अर्ज दिलाय. शाळेची मुलं सहलीला येतात, पाटी वाचतात आणि तसंच वहीत उतरवतात. म्हणून अर्जाचा पाठपुरावा आम्ही सोडणार नाही. तुमच्या गावी अशी एखादी तोफ असेल तर आधी तिच्या चाकापाशी जाऊन बसा. पाटी नंतर वाचा.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.