आजची भाकरी आणि केडगावच्या विहिरी

रोजच्या अन्नासाठी देवाकडे हात पसरणं ख्रिस्ती प्रार्थनेत रोजचंच आहे. पंडिता रमाबाईंनी ही मागणी जगून दाखवली, असं आपण म्हणतो आणि थेट त्यांनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनकडे वळतो. पण सुरुवात त्यांच्या वडिलांपासून करायला हवी.

अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक. १८७०च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा होतं नव्हतं ते दानधर्म, व्रतं आणि तीर्थस्नानं यांत गेलं. देव देईल ही श्रद्धा पक्की होती, मजुरी मात्र कुळाला शोभत नव्हती. शेवटी कुटुंबाला रानात झाडपाल्यावर दिवस काढावे लागले. शास्त्रीबुवा जलसमाधी घ्यायला निघाले. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला, प्रतिष्ठा गेली तरी चालेल, मी मजुरी करून तुम्हाला पोसतो. तेवढ्यावर ते थांबले. तरीही त्या काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली.

ही भूक रमाबाई विसरल्या नाहीत. १८८३मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचं चरित्र वाचलं. म्यूलर यांनी कुणापुढेही झोळी न पसरता हजारो अनाथ मुलं सांभाळली होती. हे हिंदुस्थानात जमेल का, हा रमाबाईंचा प्रश्न. त्यांच्या मदतीसाठी बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षांच्या मदतीचं वचन दिलं होतं, पण ते शारदा सदन या त्यांच्या आधीच्या संस्थेतल्या विधवांच्या कामासाठी. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या, त्यांच्यासाठी कुणीच काही कबूल केलेलं नव्हतं. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

धाराशिवहून पुण्याकडे जाणारी रेल्वे कुर्डुवाडी, दौंड करत याच केडगाववरून जाते. तिथल्या माळावर रमाबाईंनी विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग आणि छापखाना चालवला. मुली प्रार्थनेला बसत तशा कामालाही लागत. रमाबाईंच्या विश्वासात श्रीनिवासचं ते वाक्य कुठेतरी मुरलेलं असावं, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र भाविक चरित्रांत हळूच बाजूला पडते. मुक्तीच्या कामासाठी रमाबाई कुणाकडे मागत नसत, असं सांगितलं जातं. पण संस्थेची हकिगत ‘मुक्ती प्रेयर बेल’ या पत्रिकेतून वाचकांपर्यंत जाई. म्यूलरही दरवर्षी अहवाल छापत. गरज जगाला कळवायची आणि मागितलं नाही म्हणायचं, यात थोडी लबाडी आहे का? मला ती लबाडी वाटत नाही. हिशेब उघडा ठेवला की घेणाऱ्याला देणाऱ्यांपुढेही उत्तरदायी राहावं लागतं. पण ‘आकाशातून पडलं’ म्हणणं बरोबर नव्हे.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली, तो विश्वासाचा दुसरा नमुना. पैसा त्यांच्या हातात कधी टिकला नाही. त्या विश्वासाची किंमत चुलीपाशी कोण मोजत होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावं.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात आज रोजच्या भाकरीसाठी देवावर विसंबण्याचा हा प्रश्न वेगळ्याच टोकाने उभा राहतो. येशूचं सांगणं दिवसापुरतं मागण्याचं, उद्याची चिंता न करण्याचं. पण इथून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, म्हणजे पुढच्या हंगामाचे कष्ट आधीच विकलेले. ती उचल बहुतेकदा लग्नात, दवाखान्यात किंवा जुन्या देण्यात संपलेली असते. अशा घरात जाऊन पाळकाने उद्याची काळजी करू नका म्हणणं सोपं आहे. पण त्याने आधी उचलीचा कागद मागावा, फेडीचा हिशेब त्यांच्यासोबत बसून तपासावा आणि मंडळीच्या दानपेटीतून त्यातलं किती उचलता येईल ते बघावं. प्रार्थना त्यानंतरही करता येते.