ज्याच्या मालाला हात, तोच मालक : माथाडी कायद्याची साडेपाच दशके

1969 साली महाराष्ट्र विधिमंडळाने ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम’ मंजूर केला. नाव लांबलचक, पण प्रश्न एकच होता : डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माणसाचा मालक कोण?

त्याआधी कामगार कायदे नव्हते असे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून 1890 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली होती. स्वातंत्र्यानंतर कारखाने अधिनियम आला, कामगार राज्य विमा आला, भविष्यनिर्वाह निधी आला. पण या सगळ्यांना एक फाटक लागायचे, एक हजेरीपट लागायचा आणि पगारपत्रकावर सही करणारा एक मालक लागायचा. मस्जिद बंदरच्या किराणा बाजारातल्या हमालाकडे यातले काहीच नव्हते. सकाळी एका पेढीची मिरची उतरवायची, दुपारी दुसऱ्याची साखर चढवायची, संध्याकाळी तिसऱ्याच्या गोदामात थप्पी लावायची. तिघांनाही विचारले तर उत्तर ठरलेले : ‘हा आमचा माणूस नाही.’ मजुरी मुकादमाच्या हातून यायची आणि हातात पडेपर्यंत तिला गळती लागलेली असायची. पाठ धरली, पाय मोडला, तर सातारा-पाटणकडची गाडी पकडायची आणि गाव गाठायचे, एवढाच त्याचा विमा.

ही माणसे संघटित होणार नाहीत, असेच बाजारात धरून चालत. अण्णासाहेब पाटील यांनी ते खोटे ठरवले. स्वतः पाटण तालुक्यातल्या मंद्रुळ कोळ्याचे असलेल्या अण्णासाहेबांनी साठच्या दशकात मुंबईच्या बाजारांमधून माथाडींची संघटना उभी केली. तिकडे पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हीच लढाई आधीपासून चालवली होती. मोर्चे आणि संप यांच्या रेट्यातून 1969 चा कायदा आला. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते.

या कायद्याने केलेले काम बाजारातल्या हमालासाठी नवे होते. हमालाला एका मालकाशी बांधण्याच्या भानगडीत तो पडला नाही. त्याने दोन नोंदवह्या उघडल्या, एक कामगारांची आणि एक मालकांची. दोन्हींच्या मध्ये मंडळ बसवले. त्यावर सरकारचे प्रतिनिधी, आणि मालक व कामगारांचे समसमान सदस्य.

व्यवहार कसा चालतो ते पाहा. हमालांच्या टोळीने ट्रक खाली केला की नगांचा किंवा वजनाचा हिशेब होतो. समजा, महिनाभरात एका पेढीकडे टोळीची मजुरी दहा हजार रुपये झाली आणि लेव्ही, म्हणजे मजुरीवर मालकाने भरायची जादा रक्कम, तीस टक्के आहे. तर पेढीने तेरा हजार मंडळात भरायचे. दहा हजारांची टोळीत वाटणी होते. वरचे तीन हजार भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी यांच्या खात्यांत जातात. मंडळागणिक दर निराळे, पण रीत हीच. पेढी बदलली तरी खाते बदलत नाही. पंचवीस मालकांचे काम केले तरी म्हातारपणाची पुंजी एकाच ठिकाणी साचते. मालकाने लेव्ही थकवली तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. कामावर अपघात झाला तर भरपाईचा कायदाही लागू होतो.

व्यापारी न्यायालयात गेले, कायदा टिकला. पुढे मुंबईतला घाऊक बाजार वाशीला गेला, माथाडीही त्याच्या मागोमाग गेले. कधीकाळी फुटपाथवर झोपणाऱ्यांची मुले नवी मुंबईत शिकली, घरे झाली. 1981 मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठीही महाराष्ट्राने याच धर्तीवर मंडळाचा कायदा केला.

मागोवा घ्यायचा तर पडझडही सांगायला हवी. नोंदणीबाहेर राहिलेल्या हमालाला हा कायदा आजही शिवत नाही. लेव्ही चुकवण्यासाठी टोळीऐवजी ठेकेदाराची माणसे आणली जातात. दुसरीकडे माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या बोगस संघटना उगवल्या, आणि त्यांच्यापायी खऱ्या माथाडीचे नाव खराब झाले. हे रोखण्यासाठी म्हणून 2023 मध्ये सरकारने दुरुस्ती विधेयक आणले, तेव्हा संघटनांनी कडाडून विरोध केला. खंडणीखोराला तुरुंगात घालायला त्यांची ना नव्हती. त्या निमित्ताने कायद्याचा कणाच मोडेल ही त्यांची भीती होती. ती रास्तच होती. चोर पकडण्यासाठी घर पाडायचे नसते.

हे सगळे आज आठवण्याचे कारण आपल्या दारात उभे आहे. मोटारसायकलवरून जेवण पोचवणाऱ्या मुलाला कंपनी ‘भागीदार’ म्हणते, म्हणजे पुन्हा तेच, ‘हा आमचा माणूस नाही.’ 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा ‘गिग’ कामगाराला पहिल्यांदा केंद्रीय कायद्यात जागा दिली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत द्यायची, पण कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांवर ती जाणार नाही. हे पाऊल स्वागताचे आहे, पण लेव्हीपुढे ते फार तोकडे आहे. राजस्थानने 2023 मध्ये प्रत्येक व्यवहारामागे कल्याण शुल्क घेण्याचा कायदा केला, आणि मंडळावर कामगारांनाही बसवले. माथाडी कायद्याचा गाभा नेमका हाच आहे.

ज्या महाराष्ट्राने ही वाट पाडली, त्याने मागे राहावे हे मला पटत नाही. प्रत्येक ऑर्डरची नोंद कंपनीच्या संगणकात सेकंदासह असते. बाजारातल्या टोळीचा हिशेब ठेवण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे. त्या नोंदीवर लेव्ही बसवावी, कंपनी बदलली तरी खाते कामगाराबरोबर चालावे, आणि मंडळावर त्याचा माणूस असावा. काम करून घेणाऱ्याचे नाव कागदावर आले आणि पैसे मजुरीबरोबरच भरावे लागले, तेव्हाच 1969 साली हमालाचा हक्क खरा झाला. डिलिव्हरीवाल्या पोराचा हक्कही त्याच रीतीने खरा होईल.