विस्तव बाहेर, पाणी आत

मैत्रिणींनो, नाशिकची थंडी काय असते ते तुम्हांला नव्यानं सांगायला नको. निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली, की आमच्या घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो अंघोळीच्या पाण्याचा. सासूबाईंची पूजा पहाटेची, माझी शाळा सातची (सकाळचे तीनच तास शिकवते, पण घाई मात्र पूर्ण दिवसाची!), लेकीची रिक्षा साडेसातला आणि यांचं ऑफिस साडेनऊचं. घरात विजेचा जुना बंब होता. त्याचं पहिल्याला कढत पाणी, दुसऱ्याला बरं आणि तिसऱ्याला कोमट. चौथी कोण, हे सांगायला हवं का?

म्हणून २०२२च्या दिवाळीत आम्ही गॅसचा गीझर घेतला. नळ सोडला की भप्पकन पेटतो आणि मिनिटाला ६ लिटर गरम पाणी देतो. दुकानातून बसवायला माणूस आला. न्हाणीघरात नळाच्या वरच त्यानं खिळे ठोकले, नळी जोडली, अर्ध्या तासात काम फत्ते. "आत चालतं ना हो?" मी विचारलं. "ताई, सगळे आतच बसवतात, नळाजवळ बरं पडतं," तो म्हणाला. मी त्याला चहा दिला. खोक्यातलं माहितीपत्रक मात्र न वाचताच खणात गेलं. वर्गात मुलांना "प्रश्न आधी नीट वाचा" म्हणून बजावणारी मी, बी. ए. झालेली बाई, ते चार पानी पत्रक उघडूनही पाहिलं नाही.

आमचं न्हाणीघर चार बाय सहाचं. वर एक काचेच्या पट्ट्यांची लहानशी खिडकी. डिसेंबरात तिच्यातून असा बोचरा वारा येई, की एके दिवशी मी गीझरच्याच खोक्याचा पुठ्ठा कापला, खिडकीत बसवला आणि कडेनं चिकटपट्टी लावली. कामगिरी फत्ते केल्यासारखं वाटलं होतं मला!

त्यानंतर रविवारी न्हाऊन आले की माझं डोकं जड व्हायचं, मळमळायचं. मी आपली म्हणे, पित्त झालं. आलेपाक चघळायचा आणि कामाला लागायचं. गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले की बरं वाटे. मोकळ्या हवेत बरं वाटतं आणि न्हाणीघरात त्रास होतो, ही खूण तेव्हाच ओळखायला हवी होती. पण आपल्या डोकेदुखीचा इतका विचार करतं कोण?

२०२३च्या जानेवारीतला रविवार. आधी यांची अंघोळ झाली, मग माझी, मग लेक केस धुवायला गेली. बारा वर्षांची आहे, आता आतून कडी लावते. मी पोह्यांना फोडणी घालत होते. पाण्याचा आवाज येत होता, त्यामुळे मी निर्धास्त. सासूबाई माळ ओढता ओढता थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, तांब्या वाजेना."

खरंच, पाणी एकसारखं वाहत होतं, पण तांब्याचा आवाज नव्हता. हाका मारल्या. दार बडवलं. उत्तर नाही. यांनी खांद्याचे दोन धक्के दिले, तेव्हा कडी निघाली. पोर बादलीला टेकून मान टाकून पडली होती.

चादरीत गुंडाळून तिला गॅलरीत आणलं. काही मिनिटांनी तिनं डोळे उघडले, ओकली आणि रडायला लागली. ते रडणं ऐकून मला जो आनंद झाला, तो तिच्या जन्माच्या वेळीच काय तो झाला होता. पुढे दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, एक रात्र ठेवून घेतलं. आज ती ठणठणीत आहे. पण डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न मी विसरले नाही: "घरात गॅसचा गीझर आहे का? आत की बाहेर?" आणि दुसरा: "खिडकी उघडी होती का?" त्याचं उत्तर देताना माझी मान वर होईना.

दोन वेगळे वायू

आपली समजूत अशी, की गॅसचा धोका म्हणजे गळती, आणि गळती झाली की वास येणारच. सिलिंडरमधला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. त्याला मूळचा वास नसतो, तो आपल्याला कळावा म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून गळला तर जमिनीलगत साचतो.

आमच्या घरी गळती नव्हतीच. गॅस नीट पेटला होता आणि घात केला तो जळण्यानं. कुठल्याही ज्योतीला हवा लागते. हवा पुरेशी असली तर जळण पुरं होतं आणि ज्योत निळी राहते. हवा कमी पडली, की जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची आग नाही की ठसका नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट या वायूला धरून ठेवतं. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, पायांतलं बळ जातं. दाराची कडी काढायची आहे हे समजतं, पण हात उचलत नाही.

घरी आल्यावर मी फळ्यावर मांडावं तसं गणित मांडून पाहिलं. चार बाय सहाच्या, आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात साधारण साडेपाच हजार लिटर हवा मावते. असा गीझर पूर्ण ज्योतीवर दहा मिनिटं चालला, की अंदाजे दोन हजार लिटर हवेतला ऑक्सिजन खातो. म्हणजे आमच्या तीन अंघोळींत सगळ्या खोलीचा हिशेब संपला! दाराच्या फटीतून थोडी हवा येत असेल, म्हणूनच पोर वाचली. शिवाय ऑक्सिजन पुरता संपेपर्यंत हा वायू वाट पाहत नाही. हवा थोडी उतरली की तो तयार होऊ लागतो.

आणखी एक लक्षात आलं का? शेवटी अंघोळ कोण करतं? केस धुवायला वेळ कुणाला लागतो? लहान मुलांना घेऊन आत कोण बसतं? आपणच. खोलीतली हवा सगळ्यांत वाईट असते तेव्हा तिथं सगळ्यांत जास्त वेळ बाईमाणूस असतं.

सासूबाईंचा बंब

दवाखान्यातून आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता. गोवऱ्या, लाकडं घालायचो. पण तो कायम परसात. पाणी बादलीनं आत न्यायचं, विस्तव कधी आत न्यायचा नाही."

मला एकदम पटलं. गीझर कितीही चकचकीत असला, तरी तो बंबच. बंब आपल्याला दिसत होता, धूर डोळ्यांत जात होता, म्हणून त्याचा धाक होता. याचा विस्तव पत्र्याच्या डबीत लपलाय, एवढाच फरक. थंडीत दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात, तिचाही धोका हाच. बाळंतिणीच्या खोलीत तर ती नकोच नको.

आम्ही गीझर काढला आणि न्हाणीघराच्या भिंतीपलीकडे, मागच्या उघड्या गॅलरीत बसवला. भिंतीला एक भोक पाडून फक्त गरम पाण्याची नळी आत आणली. पाणी यायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतात. लागू देत.

तुमच्याकडे गीझर असेल तर

१. तो उघड्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर, हवा खेळती राहील अशा जागी हवा. काचा लावून बंद केलेली गॅलरी म्हणजे दुसरं न्हाणीघरच. बाहेर जागाच नसेल तर गॅसच्या गीझरचा हट्ट सोडा. विजेचा घ्या (अर्थिंग तपासून) किंवा सोसायटीत सौर बंबाचा विषय काढा.

२. गीझर हलवेपर्यंत न्हाणीघरात तो पेटवूच नका. "पंखा आहे ना" म्हणून समाधान मानू नका. बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर पंखा काढून काढून काढणार काय?

३. आयएसआय खूण पाहून घ्या. जोडणी गॅस एजन्सीच्या माणसाकडून करून घ्या. शेगडीच्या नळीला फाटा काढून दुसरी नळी जोडणं, हा उद्योग नको. रबरी नळी आयएसआय खुणेची, दीड मीटरहून लांब नको आणि दर पाच वर्षांनी बदलायची.

४. सिलिंडर उभाच ठेवा, खड्ड्यात किंवा बंद कपाटात नको. गळतीची शंका आली तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतात. काडी ओढून पाहण्याचं धाडस करू नका.

५. ज्योत निळी आहे ना, ते महिन्यातून एकदा पाहा. पिवळी दिसली, काजळी धरली, तर वापर थांबवा. धूळ आणि कोळिष्टकं साचतात, म्हणून थंडीपूर्वी वर्षातून एकदा साफसफाई करून घ्या.

६. न्हाणीघराला बाहेरूनही उघडता येईल अशी कडी बसवा. मुलांशी अधूनमधून बोलत राहा.

७. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण लावू नका, घालवूही नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ला फोन करा.

८. आत कुणी बेशुद्ध पडलं, तर दार सताड उघडून आधी माणसाला मोकळ्या हवेत ओढा. पाणी पाजू नका. १०८ला फोन करा आणि "गॅस गीझर होता" हे डॉक्टरांना सांगाच. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास. गरोदर बाई असेल तर तिला बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच, पोटातल्या बाळाला धोका अधिक असतो. आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या वायूनं भरलेलं रक्त त्याला ऑक्सिजननं भरल्यासारखंच दिसतं, आणि तो आकडा चांगला दाखवतो.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे पाच वर्षं आतच आहे, काही झालं नाही." आमच्याकडेही काही झालं नव्हतं, खिडकीला पुठ्ठा लागेपर्यंत. तो पुठ्ठा मीच लावला होता, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार मला आहे असं मी समजते.

तेव्हा हा अंक बाजूला ठेवा आणि आधी न्हाणीघरात एक चक्कर मारून या. गीझर कुठं आहे, खिडकी कशानं बुजवली आहे, पाहा. आणि न्हाऊन आल्यावर डोकं दुखतंय असं घरात कुणीही म्हणालं, अगदी तुम्ही स्वतः म्हणालात, तरी त्याला पित्त म्हणून सोडून देऊ नका.