पिल्लाची भूक पोटात नसते

कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याच्या पोटात थोडा बलक शिल्लक असतो. या शिदोरीवर ते दोनेक दिवस काढू शकतं. म्हणूनच तर एक दिवसाची पिल्लं हॅचरीतून लांबच्या पोल्ट्रीपर्यंत पाठवता येतात. पण शिदोरी संपली, की पिल्लाला स्वतःच दाणा टिपावा लागतो. कोंबडी काही त्याला भरवत नाही. मग 'खा' हा हुकूम देतं कोण? पोट फक्त खबर पोचवतं. हुकूम सुटतो मेंदूतून.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. तिथे दोन प्रकारच्या चेतापेशी अगदी शेजारी शेजारी असतात. एका गटातून न्यूरोपेप्टाइड वाय हे रसायन निघतं, ते भूक चेतवतं. दुसऱ्या गटातून अल्फा-एमएसएच निघतं, ते भूक आवरतं. पोट भरलेल्या पिल्लाच्या मेंदूतल्या पोकळीत न्यूरोपेप्टाइड वाय अगदी सूक्ष्म मात्रेत सोडलं, तर ते पुन्हा दाणे टिपायला लागतं. उलट, उपाशी पिल्लाला अल्फा-एमएसएच दिलं तर त्याचं खाणं कमी होतं. एका तराजूची ही दोन पारडी समजा.

इथपर्यंत पिल्लू आणि उंदीर सारखेच. पुढे मात्र गंमत आहे. 1999 मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांच्या गटानं उंदराच्या जठरात घ्रेलिन हे संप्रेरक शोधलं. उंदरात काय, माणसात काय, घ्रेलिन वाढलं की भूक लागते. साहजिकच वाटेल, की पिल्लातही तेच होणार. पण पिल्लाच्या मेंदूत घ्रेलिन सोडलं, तर ते खाणं कमी करतं! रेणू जवळजवळ तोच, पण परिणाम उलटा. असं का? कारण पिल्लामध्ये घ्रेलिनमुळे सीआरएफ नावाच्या रसायनाचं काम वाढतं. आणि सीआरएफ म्हणजे ताणाची वर्दी देणारं रसायन. ताण आला की भूक मागे पडते, हे आपल्यालाही ठाऊक आहेच.

आता हे प्रयोगशाळेपुरतं आहे का? मुळीच नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात पॉल सीगल यांनी 1957 मध्ये एक निवड-प्रयोग सुरू केला. एकाच मूळ कळपातून दोन वंश वाढवले. एकात दर पिढीला 56 दिवसांच्या वयाला सर्वांत वजनदार असलेले पक्षी निवडायचे, दुसऱ्यात सर्वांत हलके. निवड फक्त वजनाची, बाकी कशाची नाही. पण पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि वजनातला फरक दहापटीपलीकडे गेला. जड वंशाचे पक्षी थांबतच नाहीत. त्यांचं खाद्य मोजूनमापून द्यावं लागतं, नाहीतर लठ्ठ होतात. हलक्या वंशातली काही पिल्लं मात्र समोर खाद्य असूनही खात नाहीत आणि उपासमारीनं मरतात. म्हणजे निवड झाली वजनाची, पण तिच्याबरोबर मेंदूतला तराजूही बदलत गेला.

याच हलक्या वंशातल्या पिल्लांना जन्मल्याबरोबर थंडी आणि उपास असा दुहेरी ताण दिला. काही दिवसांनी त्यांना न्यूरोपेप्टाइड वाय दिलं, तरी त्यांचं खाणं वाढेना. ताण तर संपून गेला होता, मेंदूतली त्याची खूण मात्र राहिली होती.

यातून दोन गोष्टी घ्या. पहिली, बाजारातला ब्रॉयलर झटपट वाढतो तो खूप खातो म्हणून. पण त्याच्या आईबापांची भूकही तशीच दांडगी असते, आणि ते लठ्ठ होऊ नयेत म्हणून त्यांना मोजकंच खाद्य मिळतं. आपण निवडून वाढवलेली भूक तो पक्षी रोज सोसतो. दुसरी, पिल्लू खात नसेल तर लगेच खाद्याला नावं ठेवू नका. ब्रूडरखाली ऊब पुरेशी आहे का, प्रवासात पिल्लं गारठली होती का, दाणापाणी मिळायला उशीर झाला का, हे आधी बघा.