पोटाची लाज आणि रस्त्याचा हक्क

भरल्या कोर्टात उलटतपासणी घेताना आम्हाला कधी लाज वाटली नाही. पण डॉक्टरांनी चालायला सांगितले आणि बूट घालून राजापेठेच्या रस्त्यावर उतरताना पाय जड झाले. वजन 96 किलो! लोक हसतील म्हणून आम्ही पहाटे अंधारात निघत असू. एकदा दूधवाला पोरगा ओरडलाच, "वकीलसाहेब, भूकंप!" पुढे आठ दिवस आम्ही घरातच.

मग आठवले, 14 एप्रिलला हेच पोट घेऊन आम्ही इर्विन चौकापर्यंत हजारोंसोबत चालतो. तेव्हा कोण कमरेचा घेर मोजतो? लाज वाटते ती एकट्याला.

संयुत्त निकायात कोसलनरेश प्रसेनजिताची कथा आहे. भरपेट जेवून तो धापा टाकत तथागतांकडे आला. बुद्धांनी टर उडवली नाही, प्रमाणात जेवण्याचा उपदेश केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती गाथा दर जेवणाला म्हणायला लावली. त्याचे अंग हळूहळू हलके झाले. चंक्रमणाचे पाच लाभ अंगुत्तर निकायात आहेत. खाल्लेले पचणे त्यातलाच एक.

आता विहारातले आम्ही चौघे उजेडात निघतो. त्यात दोन उपासिका, साडीवर बूट घालून. टोमणे त्यांनाच जास्त. पुरुषाच्या पोटाला प्रतिष्ठा मानणारा समाज बाईच्या जाडीला हसतो. संविधानाच्या कलम 15 (2) मध्ये रस्ते आहेत, जाडी नाही, हे वकील म्हणून कबूल!

दूधवाला अजून भेटतो. परवा म्हणाला, "काय साहेब, आज तिघंच?"