पाठीवरचा चेहरा

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं. त्याआधीच्या जुम्म्याला पुढच्या सफमध्ये एक पोरगा उभा राहिला. पाठीवर उमेदवाराचा हसरा चेहरा, खाली निशाणी. मागच्या सफमधल्या चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पोरगा समजला, वजूखान्याकडे जाऊन टी-शर्ट उलटा घालून आला. कापड इतकं पातळ की चेहरा तरीही दिसतच होता.

चाचा रागावले नाहीत, हे मला आवडलं. नक्षीदार चादरीकडे नमाजमध्ये लक्ष गेलं म्हणून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती अबू जहम यांच्याकडे पाठवून साधी मागवली, ही हजरत आयेशा (रजि.) यांची रिवायत बहुतेक घरांत ठाऊक आहे. तिथे तर फक्त नक्षी होती.

आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, तिथून महाड. या पट्ट्यात अंगावरच्या कपड्यावरून माणूस ओळखण्याचे दिवस वर्षातून अनेकदा येतात. २० मार्चला चवदार तळ्यावर निळा रंग, ६ जूनला रायगडाच्या वाटेवर भगवा, छातीवर राजमुद्रा. ते कपडे लोक हौसेने, स्वतःच्या पैशाने घेतात. निवडणुकीतला टी-शर्ट फुकट येतो.

फुकट देणं परवडतं, कारण तो पॉलिएस्टरचा असतो. कागदावर छापलेलं चित्र गरम प्रेसखाली दाबलं की मिनिटभरात कापडात उतरतं. सुती कापड ही शाई धरत नाही. तिथे प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लावावी लागते. हा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरतात, विधानसभेला मर्यादा ४० लाखांची. मतदान केंद्रापासून १०० मीटरच्या आत असा प्रचार चालत नाही. अमेरिकेत १९४८ साली ड्यूई नावाच्या उमेदवाराचे असे टी-शर्ट निघाले होते. तो हरला, हे जाता जाता.

महाडला कपड्याचं राजकारण नवं नाही. डिसेंबर १९२७ च्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. ही गोष्ट आपल्या मुलांना सांगितली पाहिजे, कारण पाठ्यपुस्तकात नावं उरतात ती मोजकीच. त्याच वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांना सांगितलं की लुगडं उच्चवर्णीय बायकांसारखं नेसा, जातीची खूण सांगणारे दागिने उतरवा. अंगावरची दुसऱ्यांनी लादलेली खूण पुसायची होती ती. आमची पोरं खूण मागून घेतात.

तो पोरगा माझ्याच नववीतला. रॅलीला गेला होता, टी-शर्टबरोबर वडापाव मिळाला. प्रचारात लहान मुलांना वापरू नये, असं निवडणूक आयोगाने २०२४ मध्येही बजावलं होतं. मी त्याला रागावलो नाही, घरी गेलो. गावात कोण कुणाचा, हे टी-शर्टवरून ठरायला लागलं की मतदान गुप्त कसलं? आणि आपल्या मोजक्या घरांच्या मोहल्ल्यात निकालानंतर हे लक्षात ठेवणारे असतात. त्याचे अब्बा आखातात, घरी अम्मी आणि दादी. दादी म्हणाली, "सर, दुसऱ्या पक्षाचापण आहे की घरात!" तेवढ्यात अम्मीने ओट्याखालून एक गोळा काढून दाखवला.

"पोतेरं केलं सर, पण मेला पाणीच ओढत नाही."